चिठ्ठ्या नीट घोळल्या का?

लकी ड्रॉ सुरू झाला की पुढे घुसायची घाई होते, आधी हात घालणाऱ्याला चान्स जास्त असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं अजिबात नसतं. समजा 10 चिठ्ठ्या, बक्षीस एकीत, 10 जणांनी एकेक उचलायची. पहिल्याचा चान्स 10 मध्ये 1. दुसऱ्याला बक्षीस लागायचं तर आधी पहिल्याची चिठ्ठी कोरी निघायला हवी आणि मग उरलेल्या 9 मधली नेमकी तीच हातात यायला हवी, म्हणजे 9/10 गुणिले 1/9, परत 1/10च! शेवटच्याचंही तेच.

आता कूपनं. 100 कूपनं विकली, त्यातली 10 तुमची, बक्षिसं 5. मग 50 टक्के चान्स ना? नाही, साधारण 42. कारण कधीकधी तुम्हालाच दोन-तीन बक्षिसं लागतात, आणि ती जादाची बक्षिसं काही न लागण्याच्या वेळांची भरपाई करत नाहीत.

पण हे सगळं गणित एकाच अटीवर उभं आहे, चिठ्ठ्या खरंच मिसळलेल्या हव्यात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. 1 डिसेंबर 1969 ला अमेरिकेत सैन्यभरतीसाठी जन्मतारखांचा ड्रॉ काढला, व्हिएतनाम युद्ध चालू होतं, ज्याची तारीख आधी निघेल त्याला आधी बोलावणं. 366 कॅप्सूल होत्या, म्हणजे आत एकेक तारीख ठेवलेल्या छोट्या डब्या, महिन्यांच्या क्रमाने भरलेल्या, डिसेंबर शेवटी, आणि त्या पुरेशा मिसळल्याच गेल्या नाहीत. डिसेंबरच्या 31 तारखांपैकी 26 पहिल्या अर्ध्यात निघाल्या, नीट मिसळल्या असत्या तर 15-16 निघायला हव्या होत्या. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं हो, नुसतं ढवळणं कमी पडलं, आणि त्यावर पोरांचं आयुष्य ठरलं. पुढच्या वर्षी मग दोन ड्रम ठेवले, एकात तारखा, दुसऱ्यात बोलावण्याचे नंबर.

आपल्या डब्यातही हेच होतं, शेवटी विकलेली कूपनं वर राहतात आणि हात वरच्यावरच फिरतो. कागद एकमेकांत अडकतात, त्यामुळे डबा नुसता हलवून भागत नाही. म्हणून डबा मोठा घ्या, अर्ध्याच्या वर भरू नका, सगळ्या चिठ्ठ्यांना कागद एकच आणि घडी सारखी, झाकण लावून बऱ्याचदा उलटासुलटा करा आणि मग तळापर्यंत हात घालून ढवळा, दर बक्षिसाआधी पुन्हा.