पेपरच्या फोटोग्राफरचा फोटो आणि पेपरात छापून आलेला फोटो, यातला फरक कसा ओळखायचा

जुन्या नाशकात वाडे उतरवायला लागले की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात आणि त्यात १९१०-२०-३० च्या काळातली चित्रं निघतात, कुठली सभा, कुठली मिरवणूक, गोदेचा पूर. घरातले सांगतात ओरिजिनल फोटो आहे. पुष्कळदा ते पेपरातलं नाहीतर मासिकातलं कात्रण असतं, आणि जो खरंच ओरिजिनल असतो तो खराब दिसतो म्हणून रद्दीत जातो. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून हे लिहितेय.

आधी भिंग घ्या, सराफ बाजारात सोनार डोळ्याला लावतात तसलं असेल तर उत्तमच. ओळीत बसलेले ठिपके दिसले की ते छापील. कारण छपाईला काळी शाई एकच, ती कागदाला लागते किंवा लागत नाही, मधला करडा रंग तिला देताच येत नाही. म्हणून मूळ फोटोचा परत फोटो काढायचे, बारीक आडव्या-उभ्या रेघांच्या काचेतून, म्हणजे चित्र ठिपक्यांत फुटायचं, अंधाराच्या जागी मोठे ठिपके आणि उजेडाच्या जागी बारीक. मग ते जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवून ऍसिडने कोरायचं, पत्रा लाकडावर ठोकायचा आणि अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांच्या शेजारी बसवून छापायचं. हाच हाफटोन ब्लॉक. न्यूयॉर्कच्या डेली ग्राफिकने १८८० मध्येच असा फोटो छापला होता, पण दैनिकांत फोटो सर्रास यायला विसावं शतक उजाडलं, लंडनचा डेली मिरर १९०४ पासून फोटोंवरच चालायला लागला. आणि आपले त्र्यंबकचे दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी याच ब्लॉकच्या आणि छपाईच्या धंद्यात होते, हे नाशिककरांनी तरी विसरू नये.

पेपरच्या खरबरीत कागदासाठी त्या काचेवर इंचाला साधारण ६०-६५ रेघा, त्यामुळे ठिपके नुसत्या डोळ्यांनाही जाणवतात. मासिकाच्या गुळगुळीत आर्ट पेपरसाठी १३३ ते १५०, म्हणजे ठिपके भिंगाशिवाय दिसतच नाहीत. फसगत होते ती इथेच.

खऱ्या प्रिंटमध्ये, म्हणजे फोटोच्या कागदावर काढलेल्या फोटोत, ठिपके नसतात, काळ्याचा करडा सलग होत जातो, आणि जुना प्रिंट तिरका धरला की काळ्या भागात बऱ्याचदा चंदेरी झाक दिसते. मागे त्याच कागदावर बातमीचा मजकूर छापलेला असेल तर मात्र विषयच संपला, ते कात्रण.

आता ओरिजिनल घाणेरडा का दिसतो. त्या काळी पेपरच्या फोटोग्राफरकडे काचेच्या प्लेटा असायच्या, जड, एका होल्डरमध्ये दोन, त्यामुळे मोजक्याच न्यायच्या. घरात फोटो काढायचा तर मॅग्नेशियमची पावडर पेटवायची, खोलीभर धूर, लगेच दुसरा फोटो काढणं अवघड. न्यूयॉर्क वर्ल्ड या दैनिकाच्या विल्यम वॉर्नेकने १९१० मध्ये जहाजाच्या डेकवर न्यूयॉर्कचे महापौर गेनॉर यांना गोळी लागली त्याच्या लगेच नंतरचा फोटो घेतला तो अशा काळात, म्हणून तो मला इतका मोठा वाटतो. पण असला प्रिंट ऑफिसात पोचला की आर्टिस्ट त्यावर पांढरा-करडा रंग लावायचा, चेहऱ्याची कड उठवायची, मागची गर्दी पुसून टाकायची, कारण बारीक छटा ब्लॉकमध्ये आणि पेपरच्या कागदात गडप व्हायच्या. वर कुठपर्यंत कापायचं त्याच्या पेन्सिलच्या खुणा, मागे शिक्का, चिकटवलेली कॅप्शन, किती रुंद छापायचं ते. छापून येताना हे सगळं स्वच्छ होऊन येतं. म्हणजे जो प्रिंट डागाळलेला, रंगवलेला दिसतो तोच जास्त सांगतो, खुणेच्या बाहेर उभी असलेली माणसं छापलेल्या चित्रात आलेलीच नसतात, ती फक्त इथेच सापडतात.

एक गोंधळ अजून आहे. कात्रणाचा कुणी स्टुडिओत फोटो काढून घेतलेला असतो, कागद फोटोचा, चंदेरी झाकही आहे, पण आत ठिपके. ती कॉपी. रामकुंडाची जुनी पोस्टकार्डं असतील तर तीही भिंगाखाली घालाच, छापील आणि खरी फोटोची दोन्ही निघतात. कोलोटाइप नावाच्या छपाईच्या वेगळ्या पद्धतीने छापलेल्यात ठिपके नसतात, बारीक सुरकुत्यांसारखं जाळं दिसतं, ते पण छापीलच.

मिळालेला प्रिंट ओल्या फडक्याने अजिबात पुसू नका, तो पांढरा रंग पाण्यात विरघळतो आणि फोटोचा थरही फुगतो. कात्रण आणि प्रिंट एकाच पाकिटात नको, पेपरच्या कागदातल्या आम्लाने प्रिंटवर पिवळे डाग पडतात. मागे नाव-गाव लिहायचं तर मऊ पेन्सिलनेच, कडेला, हलक्या हाताने.