प्रीमियम क्रेडिट कार्ड: प्रवास सवलती, विमा, पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

प्रीमियम क्रेडिट कार्डाच्या माहितीपत्रकात ‘१ कोटी रुपयांचा विमा’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. तो कोणत्या प्रसंगी लागू होतो, कोणाला लागू होतो आणि त्याची रक्कम कोणाच्या हाती पडते, हे मात्र तळाच्या बारीक अक्षरांत शोधावे लागते. विमानतळावरील लाउंजच्या (विश्रांतीकक्षाच्या) मोफत भेटी मोजण्याआधी या प्रश्नांची उत्तरे मिळवणे अधिक गरजेचे आहे, म्हणून विम्याचा विचार येथे आधी आणि सविस्तर केला आहे.

कार्डावरील विम्याचे स्वरूप

कार्डासोबत मिळणारा विमा ही कार्डधारकाची स्वतःची पॉलिसी नसते. बँक एखाद्या विमा कंपनीकडून समूह विमा घेते. पॉलिसी बँकेच्या नावे असते आणि कार्डधारक तिचा केवळ लाभार्थी सदस्य असतो. पॉलिसीचे नूतनीकरण करायचे की नाही आणि रक्कम किती ठेवायची, हे त्यामुळे बँक ठरवते. एसबीआय कार्डने जुलै २०२५ मध्ये एलिट कार्डावरील १ कोटी रुपयांचे आणि प्राइम कार्डावरील ५० लाख रुपयांचे मोफत विमान अपघात विमा संरक्षण बंद केले, तेव्हा केवळ त्या आकड्याकडे पाहून कार्ड घेतलेल्यांच्या हाती काही उरले नाही. घरातील कर्त्या व्यक्तीच्या आयुर्विम्याची गरज अशा कार्डावर भागली असे समजणे म्हणूनच धोक्याचे आहे.

माहितीपत्रकातील सर्वांत मोठा आकडा हा बहुतेक वेळा विमान अपघातात मृत्यू आल्यास मिळणाऱ्या भरपाईचा असतो. अनेक योजनांत तो त्या प्रवासाचे तिकीट त्याच कार्डावर काढले असेल तरच लागू होतो आणि काही योजनांत आधीच्या ठरावीक दिवसांत कार्डाचा वापर झालेला असणे हीदेखील अट असते. कार्यालयाने काढून दिलेल्या तिकिटावरील प्रवास यात सहसा बसत नाही. मुलाने स्वतःच्या कार्डावर आई-वडिलांचे तिकीट काढले, तर आई-वडील कार्डधारक नसल्यामुळे त्यांना या विम्याचा आधार सामान्यतः मिळत नाही, हे मुलांकडे परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांनी नीट ध्यानात घ्यावे.

परदेशात तातडीने रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास मिळणारे संरक्षण प्रत्यक्षात अधिक उपयोगाचे असते, परंतु त्यातून आधीपासूनचे आजार बहुधा वगळलेले असतात. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या प्रवाशाने त्याच्या भरवशावर राहू नये. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील अनेक देशांसाठीच्या सामायिक व्हिसासाठी) किमान ३०,००० युरोचा, सर्व शेंगेन देशांत आणि संपूर्ण मुक्कामासाठी लागू असणारा प्रवासी वैद्यकीय विमा आवश्यक असतो आणि त्यात मायदेशी परत आणण्याचा खर्चही समाविष्ट असावा लागतो. मुंबई किंवा पुण्याच्या व्हिसा केंद्रात कार्डाचे माहितीपत्रक दाखवून हे काम होत नाही. प्रवाशाचे नाव, प्रवासाच्या तारखा आणि विम्याची रक्कम नमूद केलेले प्रमाणपत्र जोडावे लागते. बँकेची विमा कंपनी असे प्रमाणपत्र देत नसेल, तर स्वतंत्र प्रवास विमा घ्यावा आणि कार्डावरील विमा ही वरची भर समजावी.

सवलतींचा हिशेब

उदाहरणादाखल एचडीएफसी बँकेचे रिगालिया गोल्ड कार्ड घेऊ. बँकेने जाहीर केलेल्या अटींनुसार त्याचे वार्षिक शुल्क २,५०० रुपये आहे, म्हणजे १८ टक्के वस्तू व सेवा करासह २,९५० रुपये, आणि परकीय चलन व्यवहारावर २ टक्के अधिभार आहे. सामान्य कार्डांवर हा अधिभार बहुधा ३.५ टक्के असतो. परदेशात २ लाख रुपये खर्च झाल्यास करासह पहिल्या कार्डावर ४,७२० रुपये आणि दुसऱ्यावर ८,२६० रुपये पडतात, म्हणजे केवळ ३,५४० रुपयांच्या फरकातच वार्षिक शुल्क भरून निघते. परदेश प्रवास दोन-तीन वर्षांतून एकदा होत असेल, तर मात्र हे गणित जुळत नाही. वार्षिक शुल्क माफ व्हावे म्हणून गरज नसलेली खरेदी करणे तर सर्वस्वी टाळावे.

लाउंजच्या बाबतीत भेटींच्या संख्येपेक्षा खर्चाची अट आधी पाहावी. अलीकडच्या वर्षांत अनेक बँकांनी आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच देशांतर्गत लाउंज मोफत ठेवला आहे. परदेशी लाउंजसाठी मिळणाऱ्या प्रायॉरिटी पास कार्डावर सोबतच्या व्यक्तीचे शुल्क डॉलरमध्ये आकारले जाऊ शकते आणि ते थेट क्रेडिट कार्डाच्या विवरणपत्रात येते.

पात्रता

प्रत्येक बँकेचे निकष वेगळे असतात. वरील कार्डासाठी बँकेने २१ ते ६० वर्षे वय आणि दरमहा १ लाख रुपयांहून अधिक निव्वळ वेतन, तर स्वयंरोजगार असणाऱ्यांसाठी ६५ वर्षांपर्यंत वय आणि प्राप्तिकर विवरणपत्रात वार्षिक १२ लाख रुपयांहून अधिक उत्पन्न अशी अट ठेवली आहे. त्याखेरीज पतगुणांक (क्रेडिट स्कोअर) पाहिला जातो. तो ३०० ते ९०० दरम्यान असतो आणि ७५० च्या वरचा गुणांक सामान्यतः चांगला मानला जातो. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही पतमाहिती संस्थांकडून वर्षातून एकदा आपला सविस्तर अहवाल विनामूल्य मिळतो. तो अर्जाआधीच पाहावा, कारण फेडलेले कर्ज त्यात अजून थकीत दिसत असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो. एकाच महिन्यात चार बँकांकडे अर्ज केल्यास प्रत्येक चौकशीची नोंद अहवालात होते, तेव्हा एक कार्ड नक्की करूनच अर्ज करावा.

शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे अनेक बागायतदारांकडे प्राप्तिकर विवरणपत्र नसते. अशा अर्जदारांना मुदत ठेवीवर कार्ड मिळू शकते, परंतु त्यावर प्रवासाच्या सवलती सहसा मर्यादित असतात.

कागदपत्रे

पॅन अनिवार्य आहे. ओळख व पत्त्यासाठी आधार, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. उत्पन्नासाठी नोकरदारांना शेवटच्या दोन-तीन महिन्यांच्या वेतनपावत्या, फॉर्म १६ आणि बँक खात्याचा उतारा, तर व्यावसायिकांना प्राप्तिकर विवरणपत्रे द्यावी लागतात.

आपल्याकडे खरी अडचण येते ती नावाची. पॅनवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि पासपोर्टवर वडिलांचे पूर्ण नाव मध्ये घातलेले, अशी स्थिती अनेक घरांत आढळते. अर्ज कदाचित तसाही मंजूर होतो, पण पुढे विम्याचा दावा करताना तिकीट, पासपोर्ट आणि कार्ड यांवरील नावे जुळत नाहीत म्हणून वारसांना प्रतिज्ञापत्रे करीत फिरावे लागते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी यांच्या आधारे सर्व कागदपत्रांवरील नाव आधी एकसारखे करून घ्यावे आणि मगच अर्ज भरावा.

अर्ज आणि त्यानंतर

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार अर्जासोबत व्याजदर व शुल्के दाखवणारे एक पानी माहितीपत्रक देणे बँकेला बंधनकारक आहे. ते मागून घ्यावे. अर्ज ऑनलाइन भरल्यास ओळख पडताळणी व्हिडिओ कॉलवर होते, त्या वेळी पॅन हाताशी ठेवावे आणि मोबाइलचे लोकेशन सुरू असावे. अर्ज नाकारल्यास नेमके कारण लेखी कळवणे हेही बँकेचे कर्तव्य आहे.

विमा देताना कार्डधारकाची स्पष्ट संमती आणि वारसाचा (नॉमिनीचा) तपशील घ्यावा, असे हेच निर्देश सांगतात. तरीही अर्जातील वारसाचा रकाना घाईत रिकामा राहतो. कार्ड हाती येताच वारसाची नोंद झाल्याची खात्री लेखी करून घ्यावी आणि विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक व दाव्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक एका कागदावर लिहून घरच्यांकडे द्यावा. घरच्यांना या विम्याची माहितीच नसेल, तर दावा दाखल करणार कोण?

दावा आणि तक्रार

सामान हरवल्यास विमानतळाबाहेर पडण्यापूर्वीच विमान कंपनीच्या सामान कक्षात लेखी नोंद करून तिची प्रत घ्यावी. या प्रतीशिवाय दावा उभा राहणे कठीण होते. रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास शक्यतो आधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवावे आणि मूळ बिले, डिस्चार्ज कार्ड, पासपोर्टवरील शिक्क्यांच्या प्रती व तिकीट कार्डावर काढल्याचे विवरणपत्र जपून ठेवावे. मृत्यूच्या दाव्यात यांखेरीज मृत्यू प्रमाणपत्र, पोलिसांचा अहवाल आणि वारसाची ओळखपत्रे लागतात. दावा कळवण्याची मुदत पॉलिसीत दिलेली असते आणि ती अनेकदा थोडी असते.

शुल्क किंवा सवलतींविषयीच्या तक्रारीची बँकेने ३० दिवसांत समाधानकारक दखल न घेतल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. दावा नाकारल्याची तक्रार प्रथम विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि तेथे दाद न मिळाल्यास विमा लोकपालाकडे करावी. विमा लोकपालांची कार्यालये मुंबई आणि पुणे येथेही आहेत.