हृदयस्नायूतील प्रथिनबदल

हृदयविफलता, म्हणजे रोजच्या बोलण्यातले ‘हार्ट फेल्युअर’, याचा अर्थ हृदय बंद पडले असा नव्हे. शरीराला लागेल तेवढे रक्त त्याला पुरवता येत नाही, किंवा पुरवताना आतला दाब वाढतो. हृदयविकाराच्या झटक्यात स्नायूचा काही भागच मरतो, तिथे कारण उघड असते. पुष्कळ रुग्णांत मात्र पेशी जिवंत असतात. बिघडलेली असतात ती त्यांच्यातली प्रथिने.

यात टायटिनचे उदाहरण सर्वांत बोलके. मानवी शरीरातले हे सर्वांत मोठे प्रथिन. त्याचा एकच रेणू सार्कोमिअरच्या, म्हणजे स्नायूपेशीतल्या आकुंचन पावणाऱ्या सूक्ष्म घटकाच्या, टोकापासून मध्यापर्यंत पोचतो आणि ताणलेल्या स्नायूला स्प्रिंगसारखा मागे खेचतो. त्याची एक ताठ आणि एक लवचीक अशी दोन रूपे हृदयात एकत्र नांदतात. हृदय फुगून सैल पडते त्या आजारात लवचीक रूपाचे प्रमाण वाढलेले आढळते. उलट, आकुंचन ठीक असूनही हृदय नीट भरत नाही अशा प्रकारात टायटिनला जोडलेले फॉस्फेटचे रासायनिक गट घटून ते अधिक ताठ होते. प्रथिन एकच, बिघाड मात्र परस्परविरुद्ध. फुगलेल्या हृदयाचा आजार घराण्यात चालत आलेला असेल, तर सुमारे चौथाई रुग्णांत टायटिनचे जनुक मध्येच तुटलेले सापडते. असे जनुक धडधाकट माणसांतही आढळते, त्यामुळे नुसत्या जनुकचाचणीवरून भाकीत करणे धोक्याचे.

दुसरा बिघाड कॅल्शियमचा. पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटले की स्नायू आकुंचतो; प्रत्येक ठोक्यानंतर सर्का नावाचे पंपासारखे प्रथिन ते पुन्हा साठ्यात ओढते. विफल हृदयात या पंपाचे काम मंदावते, त्याला आवरणाऱ्या फॉस्फोलॅम्बन या प्रथिनाचा जोर वाढतो. मग साठा अपुरा राहतो आणि स्नायू सैलावायलाही वेळ लागतो. पंपाचे जनुक हृदयात सोडण्याचा उपाय कागदावर बिनतोड होता. २५० रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही.

आकुंचनाचा जोर लावणाऱ्या मायोसिन या प्रथिनाची गोष्ट वेगळी. त्याच्या अमिनो आम्लांच्या साखळीत ४०३ व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन आल्याने हृदयाची भिंत जाड होते, हे १९९० मध्ये उघड झाले. अशा जाड हृदयात आकुंचन गरजेपेक्षा जास्त जोरकस असते. म्हणून २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले मावाकॅम्टेन हे औषध मायोसिनची पकड मुद्दाम सैल करते. ती फार सैल झाली तर हे औषधच हृदयविफलता आणू शकते, त्यामुळे ते चालू असताना ठरावीक अंतराने इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागतो.