हाताने विणलेले रंगीत मोजे (नाशिक)

दोन्ही टोकांना निमुळत्या असलेल्या चार किंवा पाच सुयांवर, अथवा लवचीक तारेने जोडलेल्या गोल सुईवर, लोकरीचा धागा सलग गोल विणून केलेले पायमोजे. नाशिक शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत हे विणकाम छंद म्हणून चालते, धंदा म्हणून नाही. एका मोज्यात नऊ-दहा हजार टाके असतात. त्यांची मजुरी लावून किंमत सांगितली तर गिऱ्हाईक हात जोडून निघून जाईल. त्यामुळे हे मोजे विकले कमी आणि दिले जास्त जातात : लेकीला, सुनेला, नातवंडांना, परगावी शिकणाऱ्या मुलांना.

जिल्ह्याची वस्त्रपरंपरा मोठी आहे, पण तिच्याशी या छंदाचा संबंध फारसा नाही. येवल्याची पैठणी आणि मालेगावचे यंत्रमाग ही मागावरची कामे; तिथे उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांत गुंफले जातात. मोज्यात एकच धागा आपल्याच फासात अडकत पुढे जातो. म्हणून मोजा ताणला जातो, पायावर बसतो, आणि म्हणूनच एक टाका निसटला तर खालपर्यंत उसवत जातो.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. दिवाळी सरली की रात्री गार होऊ लागतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यातल्या नीचांकांच्या यादीत वारंवार झळकतो आणि द्राक्षबागायतदार पहाटे बागांत शेकोट्या पेटवतात. मात्र ही थंडी अखंड नसते. दुपारी ऊन चांगलेच तापते. शिवाय पायात बूट कमी, चपला जास्त. मोजा लागतो तो पहाटे दूध आणायला जाताना चपलेत, आणि रात्री घरातल्या गार फरशीवर. दोन्ही वेळा तो उघडा दिसतो. बंद बुटाच्या प्रदेशात मोज्याचा रंग ही मालकाची खाजगी गोष्ट असते. इथे ती आल्यागेल्याच्या नजरेत भरते. नाशिकच्या मोज्यांत किरमिजी, मोरपंखी, हळदी, पोपटी असे रंग बेधडक शेजारी बसवले जातात, त्याचे खरे कारण हे असावे.

मराठी घरांत मोजा मुळात आला तो बाळंतविड्यातून. कुंची, टोपडे, दुपटे, लोकरीचा स्वेटर आणि इवलेसे मोजे हा संच आजी किंवा मावशी बाळाच्या जन्माआधी विणून ठेवते. बाळाचे मोजे दोन सुयांवर सपाट विणून मागून शिवतात. घोट्यापाशी जाळीची एक ओळ टाकून तीत नाडी ओवतात आणि नाडीच्या टोकांना गोंडे लावतात. एरवी तान्ह्या बाळाला काळे घालत नाहीत, पण पहिल्या संक्रांतीला काळेच हवे असते, त्यामुळे बोरन्हाणासाठी काळ्या लोकरीवर हलव्यासारखे पांढरे ठिपके उठवलेले मोजे फार शोभतात. तळव्याखाली शिवण आली तरी बाळाचे बिघडत नाही, ते चालत नाही. मोठ्या माणसाला मात्र ती शिवण टोचते. गोल विणलेला, बिनशिवणीचा मोजा हा म्हणून पुढचा टप्पा ठरतो, आणि शाळेत कार्यानुभवाच्या तासाला सुलट-उलट हे विणकामाचे दोन मूळ टाके शिकलेल्या पुष्कळ जणी तिथपर्यंत पोचतच नाहीत. आता व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांत तरुण मुली आहेत, थोडे पुरुषही आहेत. व्हिडिओतला हात हवा तिथे थांबवता येतो, आजीचा हात थांबत नसे.

लोकर आणि सुया. सिन्नर, येवला भागात धनगरांचे कळप फिरतात, पण त्या दख्खनी मेंढ्यांची लोकर जाडीभरडी असते. तिची घोंगडी उत्तम होते. मोजा केला तर पाय खाजवून हैराण होईल. मोज्यांना चालते ती मेरिनोसारखी तलम लोकर. जगभरातले छांदिष्ट जो 'सॉक यार्न' वापरतात त्यात साधारण 75 टक्के लोकर आणि 25 टक्के नायलॉन असते. 100 ग्रॅमच्या लडीत 400 मीटरच्या आसपास धागा निघतो आणि त्यात मोठ्या माणसाची एक जोडी होते. नायलॉन असते ते टाच लवकर झिजू नये म्हणून. हा धागा नाशिकमध्ये बहुधा बाहेरून मागवावा लागतो. मेन रोड, रविवार कारंजा परिसरातल्या शिवणसाहित्याच्या दुकानांत मिळते ती मुख्यतः लुधियानाची अॅक्रिलिक लोकर. आपण तिलाही लोकरच म्हणतो.

अॅक्रिलिकला नाक मुरडण्याची पद्धत आहे, ती पूर्ण न्याय्य नाही. तिचे रंग झगझगीत असतात, वॉशिंग मशिनमध्ये ती आटत नाही, आणि पावसाळ्यात ट्रंकेत ठेवली तरी तिला कसर लागत नाही. खरी लोकर मात्र कडुनिंबाचा वाळला पाला किंवा डांबराच्या गोळ्या घातल्याशिवाय ठेवू नये. अॅक्रिलिकचा दोष एवढाच की ती घाम शोषत नाही, आणि गरम इस्त्री टेकली की तिचा जीवच जातो : मोजा लुळा पडतो आणि पुन्हा कधी आवळत नाही. सुती धाग्याचे मोजे उन्हाळ्यात बरे वाटतात, पण सुताला लवचीकपणा नसल्याने ते घोट्याखाली गोळा होतात.

सुयांचे नंबर आपल्याकडे अजून जुन्या इंग्रजी पद्धतीने बोलले जातात. त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक : 10 नंबर म्हणजे 3.25 मिलिमीटर, 13 नंबर म्हणजे 2.25 मिलिमीटर. परदेशी नमुना वाचताना इथे गफलत होते, कारण अमेरिकी नंबर उलटे, सुईच्या जाडीबरोबर चढत जातात. मिलिमीटर पाहावेत, नंबर पाहू नयेत. निलगिरीत केट्टीला तयार होणाऱ्या पोनीच्या सुया बहुतेक घरांतल्या डब्यात सापडतात.

हिशेब. मोजा पायापेक्षा साधारण दहा टक्के लहान विणावा लागतो, तरच तो ताणून बसतो. चवड्याचा घेर 22 सेंटिमीटर असेल तर मोज्याचा घेर 20 धरायचा. बारीक धाग्यावर एका सेंटिमीटरला तीन टाके येत असतील तर 60 टाके घालायचे. दुकानातल्या जाड अॅक्रिलिकवर 10 नंबरच्या सुईने हेच काम 48 टाक्यांत होते. आधी हातभर लांब नाही, पण तळहाताएवढा तरी नमुना विणून टाके मोजावेत. प्रत्येकीचा हात वेगळा असतो, कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. वरची पट्टी दोन सुलट दोन उलट, नंतर पोटरीपासून घोट्यापर्यंत नुसते सुलट. गोल विणताना कामाची सुलट बाजूच कायम समोर राहते, त्यामुळे उलट टाक्यांची ओळ विणावीच लागत नाही.

मग टाच येते. मोजे विणण्याचा सगळा रस टाचेत आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही, कारण सरळ नळीला काटकोनात वळवायची युक्ती तिथे आहे. 60 पैकी 30 टाके बाजूला थांबवून उरलेल्या 30 वर 30 ओळींची पट्टी सपाट विणतात. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलून घेतात, त्यामुळे कडेला 15 साखळ्या तयार होतात. दर दुसऱ्या ओळीत एकाआड एक टाका न विणता घेत गेले की ही पट्टी जाड होते आणि चपलेच्या घासण्याला टिकते. त्यानंतर मधल्या टाक्यांपासून सुरुवात करून अर्धवट ओळी विणत, दरवेळी दोनाचा एक करत, पट्टीच्या तळाशी एक खोलगट वाटी तयार होते. 30 चे 18 टाके उरतात. दोन्ही कडांच्या साखळ्यांतून 15-15 टाके उचलले आणि थांबवलेले 30 परत घेतले की सुयांवर 78 टाके होतात. एकाआड एक फेरीत दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी करत नऊ वेळा हे केले की पुन्हा 60. पहिल्यांदा विणणारीला हे वाचून काहीच समजत नाही आणि सुया हातात घेऊन एकेक ओळ केली की समजते; मध्येच पुढचे वाचायला जाऊ नये, एवढाच सल्ला उपयोगी आहे.

चवड्यापाशी एकाआड एक फेरीत चार टाके कमी करत 20 ते 24 टाके उरवतात आणि सुईदोऱ्याने वरखाली टाके जोडून टाकतात. या अदृश्य जोडाला इंग्रजीत लॉर्ड किचनर या ब्रिटिश युद्धमंत्र्याचे नाव आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांचे पाय ओल्याने सडत, तेव्हा ब्रिटनमध्ये घरोघरी सैनिकांसाठी मोजे विणले गेले, त्या काळाशी हे नाव जोडलेले आहे.

रंग. छंदाचा खरा खजिना म्हणजे उरलेल्या गुंड्यांची पिशवी. जुना स्वेटर उसवून, धागा खुर्चीच्या पाठीला गुंडाळून, धुऊन, वजन लटकवून सरळ केला की तोही या पिशवीत जातो. आडव्या पट्ट्यांचा मोजा त्यातूनच निघतो, कारण एका पट्टीला फार धागा लागत नाही. गोल विणकाम हे प्रत्यक्षात वर चढत जाणारे वेटोळे असते, त्यामुळे रंग बदलतो तिथे पट्टीला पायरी पडते. उपाय सोपा आहे : नव्या रंगाची पहिली फेरी पूर्ण झाली की दुसऱ्या फेरीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्यायचा. पायरी जवळजवळ दिसेनाशी होते.

एकाच फेरीत दोन रंग चालवून वेलबुट्टी काढता येते. न लागणारा रंग मागून लोंबत येतो. तो पाच टाक्यांहून जास्त लांब ठेवला तर मोजा घालताना बोटे त्यात अडकतात. आणि मागे धागे असल्याने मोजा कमी ताणला जातो, म्हणून टाके थोडे वाढवावे लागतात. हे न केल्याने टाचेवरून न चढणारे देखणे मोजे अनेक कपाटांत पडून आहेत. तिसरा प्रकार आयत्या रंगवलेल्या धाग्याचा : ठरावीक लांबीवर रंग बदलत जाणारा धागा नुसता सुलट विणला तरी पट्टे आपोआप येतात. त्यात मजा आहे, पण रंग निवडण्याचे सुख दुसऱ्याने आधीच घेऊन टाकलेले असते.

अंगठ्याचे मोजे. उन्हापासून पाय वाचवायला स्कूटीवरच्या बायका अंगठा वेगळा असलेले त्वचेच्या रंगाचे पातळ मोजे घालतात. ते कारखान्यातले असतात. हाताने विणताना बोटांच्या बेचक्यापर्यंत येऊन टाक्यांचे दोन भाग करतात. बेचक्यात चार टाके नव्याने घालून 20 ते 24 टाक्यांची अंगठ्याची नळी वेगळी विणतात आणि उरलेल्या बोटांची पिशवी वेगळी. साध्या मोज्याला डावा-उजवा नसतो, याला तो येतो. चपलेच्या गावाला हाच मोजा खरा सोयीचा, तरी विणणाऱ्या कमी, कारण एकदा नव्हे तर दोनदा टोक बंद करावे लागते.

ही कल्पना नवी नाही. इजिप्तमध्ये इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकांतले लोकरीचे मोजे सापडले आहेत, आणि त्यांनाही पट्ट्याच्या चपलांसाठी अंगठा वेगळा काढलेला आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधल्या अँटिनोपोलिस या प्राचीन शहराच्या उकिरड्यात मिळालेला, इसवी सन 300 च्या सुमाराचा लहान मुलाचा डाव्या पायाचा पट्टेदार मोजा आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्यातले सगळे रंग तीनच वनस्पतींपासून केल्याचे दिसले : मंजिष्ठेच्या जातीच्या मॅडरचा लाल, वोडचा निळा आणि वेल्डचा पिवळा. बाकीच्या छटा या तिघांच्या मिश्रणातून. ते मोजे मात्र दोन सुयांचे नव्हेत. एकाच जाड सुईने, धाग्याचे छोटे तुकडे ओवत केलेले आहेत. आजच्या अर्थाने विणलेले जुने मोजेही इजिप्तमधलेच, पण काही शतकांनंतरचे, निळ्या-पांढऱ्या सुताचे. मोजे विणायचे यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली याने 1589 मध्ये बनवले.

भारतात हातविणीच्या रंगीत मोज्यांची ओळख हिमाचल प्रदेशातल्या लाहौलने टिकवली आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात केलांग गावच्या मोरावियन या ख्रिस्ती मिशनमधल्या बायकांनी विणकाम शिकवले, स्थानिक बायकांनी त्यात आपले नक्षीकाम आणले, आणि आज लाहौली मोजे व हातमोज्यांना भौगोलिक मानांकन आहे. नाशिकमध्ये हिवाळी खरेदीला शरणपूर रोडच्या तिबेटीयन मार्केटात गर्दी होते, पण तिथला माल बहुतेक यंत्राचा.

दुसरा मोजा. एक मोजा पुरा झाला की उत्सुकता संपते आणि दुसरा महिनोन्महिने रखडतो. ही तक्रार जगभर सारखी आहे. लांब तारेच्या गोल सुईवर दोन्ही मोजे एकाच वेळी, दोन गुंड्यांवर विणणे हा एक उपाय. दुसरा उपाय नाशिकच्या रंगवेड्या हातांना अधिक मानवतो : जोडी जुळवायचीच नाही, टाके तेवढे सारखे ठेवायचे आणि रंग पिशवीतून येतील तसे.

निगा. खऱ्या लोकरीचे मोजे कोमट पाण्यात, न चोळता, शाम्पूने धुवावेत. पिळू नयेत, टॉवेलात गुंडाळून दाबावेत आणि सावलीत आडवे वाळवावेत. दोरीवर लटकवले तर लांब होतात. टाच विरळ दिसू लागली की भोक पडायची वाट न पाहता आत उलटी वाटी धरून त्याच जाडीच्या धाग्याने रफू करावे. चवडा पूर्ण गेला असेल तर शाबूत फेरीपर्यंत उसवून टाके पुन्हा सुयांवर घेता येतात आणि दुसऱ्या रंगात टोक नव्याने विणता येते. वरून खाली विणलेल्या मोज्यात हे सहज जमते; बोटांपासून वर विणलेल्यात टाके उलट दिशेने सुटत नाहीत, तिथे फेरी कापूनच काम करावे लागते.