वीज गेली तरी पुसलं न जाणारं अक्षर

ग्रंथालयात ई-पुस्तकाचा विषय निघाला की "स्क्रीनवर वाचून डोळे जातात" हे वाक्य हमखास ऐकू येतं. १८५० पासून करवीर नगर वाचन मंदिर चालवणाऱ्या कोल्हापुरात वाचकाची ही काळजी मी समजू शकतो. पण सगळे पडदे एका माळेचे मणी नाहीत. शिवाय टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दृष्टी त्यानं जात नाही.

मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाइप केला, तिथून ई-पुस्तकं सुरू झाली. १९९८ मध्ये हातात धरायचं रॉकेट ई-बुक आलं. अमेरिकेतल्या काही ग्रंथालयांनी ही यंत्रंच सभासदांना घरी द्यायला सुरुवात केली. पण त्यांचा पडदा एलसीडीचा, म्हणजे मागून उजेड टाकणारा होता. खरी गंमत २००४ मध्ये जपानात आलेल्या सोनी लिब्री या वाचनयंत्रापासून, कारण त्यात इलेक्ट्रॉनिक शाई होती.

या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या लाखो कुप्या असतात. प्रत्येकीत पारदर्शक द्रव आणि त्यात तरंगणारे टायटॅनियम डायऑक्साइडचे पांढरे आणि दुसऱ्या रंगद्रव्याचे काळे कण. दोघांवरचे विद्युतभार विरुद्ध. समजा काळे कण धनभारित आहेत. मागच्या इलेक्ट्रोडला, म्हणजे वीज पोचवणाऱ्या थराला, सुमारे १५ व्होल्टचा धन दाब दिला, की काळे समोर ढकलले जातात, पांढरे मागे ओढले जातात आणि तो ठिपका काळा दिसतो. दाब काढला तरी कण जागचे हलत नाहीत. म्हणजे वीज लागते ती पान उलटताना. करडी छटा हवी असेल, तर विजेच्या स्पंदाचा (क्षणभराच्या झटक्याचा) कालावधी कमी-जास्त करून कणांना अधेमधे थांबवावं लागतं. ते आधी कुठे होते यावर हे गणित अवलंबून, म्हणून पान बदलताना पडदा क्षणभर काळा होतो. जुन्या पानाची सावली तशानं पुसली जाते.

आपण वाचतो तो खोलीतला उजेड, कागदावरून परततो तसाच. वयस्क सभासदांना मोठ्या अक्षरांत वाचता यावं, म्हणून आपल्या ग्रंथालयांनी अशी यंत्रं जरूर ठेवावीत. मात्र कागद संपला, अशी दवंडी कुणी पिटू नये. मराठी पुस्तकांची पानं नुसती स्कॅन करून भरली, तर ६ इंची पडद्यावर अक्षर मोठं करताच ओळ बाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान डावीउजवीकडे सरकवावं लागतं. त्यासाठी मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे चित्र म्हणून नव्हे तर टाइप केलेल्या अक्षरांच्या रूपातच हवा.