जेलीफिशच्या डंखावर लघवी? अजिबात नको!

मुलाबाळांना घेऊन थायलंडच्या समुद्रावर निघालं की कुणीतरी हमखास सांगतं, ‘जेलीफिशने डंख केला तर त्यावर लघवी करा, आग थांबते.’ हे खरं नाही, आणि लहान मुलाच्या बाबतीत तर जिवावर बेतू शकतं.

जेलीफिशचे तंतू कातडीला चिकटतात तेव्हा त्यांतल्या कितीतरी विषारी पेशी फुटायच्या बाकी असतात. लघवी किंवा गोडं पाणी ओतलं, वाळूने चोळलं, की त्याही फुटू शकतात आणि अंगात आणखी विष जातं. कोह सामुई, कोह फांगानच्या किनाऱ्यांवर बॉक्स जेलीफिश आढळते. तिच्या डंखाने काही मिनिटांत हृदय बंद पडू शकतं! म्हणूनच तिथे बऱ्याच ठिकाणी खांबांवर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. लगेच मदतीसाठी हाक मारा, निदान ३० सेकंद व्हिनेगर ओतत राहा, मगच तंतू काढा. श्वास थांबला तर मात्र आधी सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याचा प्रयत्न.

पावसाळ्यात जुहूला येणारी ‘ब्लू बॉटल’, म्हणजे निळ्या फुग्यासारखा दिसणारा, जेलीफिशसारखाच डंख करणारा समुद्री जीव, वेगळी. तिचा डंख समुद्राच्याच पाण्याने धुऊन सोसवेल इतक्या, साधारण ४५ अंशांच्या गरम पाण्याने शेकतात. लघवीचा तिथेही उपयोग नाही.

आणि मुलांना पाण्यात सोडताना हातपाय झाकणारा स्विमसूट घालाच.