फोडणीतली दोन मिनिटे

पुण्यात शिकायला गेलेल्या माझ्या भाचीने गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदाच स्वतःच्या खोलीवर पिठले केले आणि रात्री फोन करून विचारले, "मावशी, पीठ तू दिलेलंच, चटणी तू दिलेलीच, मग घरच्यासारखं का लागत नाही?" आमच्या सांगली-साताऱ्याकडे चटणी म्हणजे उन्हाळ्यात वर्षभरासाठी करून ठेवलेला कांदा-लसूण मसाला, हे इतर भागांतल्या वाचकांसाठी आधीच सांगून ठेवते. तिने कृती सांगितली ती अशी: पाणी उकळत ठेवले, त्यात हळद, चटणी, मीठ आणि ठेचलेला लसूण घातला, कालवलेले बेसन सोडले आणि सगळे शिजल्यावर वरून चमचाभर कच्चे तेल घातले. तापलेल्या तेलात मोहरी टाकायची तिला भीती वाटत होती. मोहरी सोडली तर जिन्नस सगळे तेच होते, प्रमाणही बरोबर होते. चुकला होता तो क्रम. पदार्थाच्या चवीचा मोठा भाग या क्रमावर अवलंबून असतो आणि त्यामागचे रसायनशास्त्र एकदा समजले की अगदी साधा स्वयंपाकही हमखास चवदार होतो, असे मला अनुभवाने वाटते. म्हणून हा लेख.

आधी चव म्हणजे काय ते पाहू. जिभेला प्रत्यक्षात फार थोड्या गोष्टी कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी उमामी, जी १९०८ साली तोक्योतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्शात शोधली आणि ग्लुटामेट या घटकाशी जोडली. आपल्या षड्रसांत तिखट आणि तुरट यांचीही गणना आहे, पण आजचे शरीरविज्ञान त्या दोन्हींना चवीऐवजी स्पर्शाच्या आणि दाहाच्या संवेदनांत बसवते. मग जिरे आणि ओवा यांतला फरक, लसणीच्या आणि कांद्याच्या फोडणीतला फरक आपल्याला कुठून कळतो? तो नाकातून कळतो. घास चावताना त्यातील उडून जाणारे रेणू घशाच्या मागच्या बाजूने नाकाच्या पोकळीत चढतात आणि मेंदू या वासाची जिभेच्या संवेदनेशी अशी सांगड घालतो की सगळे तोंडातच घडते आहे असे आपल्याला वाटते. नाक घट्ट धरून चिमूटभर बडीशेप चावून पाहावी; थोडा गोडवा तेवढा लागतो आणि नाक सोडताच बडीशेप 'उमगते'. करोनाच्या साथीत ज्यांचा वास गेला होता त्यांना आमटी नुसती खारट, गरम पाण्यासारखी का लागत होती, याचे उत्तर हेच आहे.

म्हणजे चवीचे दोन प्रवाह आहेत. मीठ, साखर, चिंचेतले आम्ल हे जिभेचे घटक पाण्यात विरघळतात. मसाल्यांच्या वासाचे, रंगाचे आणि तिखटपणाचे बहुतेक घटक मात्र पाण्याला दाद देत नाहीत. ते तेलात विरघळतात. शिवाय उघड्या भांड्यातले पाणी साधारण १०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरच्या सांगलीत ते ९८ अंशांच्या आसपासच उकळते आणि महाबळेश्वरला त्याहून दोन-तीन अंश आधी. तेल मात्र सहज १७०-१८० अंशांपर्यंत जाते. कांदा, लसूण, खोबरे खरपूस होताना जो वास सुटतो तो शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्या अभिक्रियेतून येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ साली तिचे वर्णन केले आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ही अभिक्रिया जोमाने व्हायला १४० अंशांच्या आसपासचे तापमान लागते. पाण्यात लसूण कितीही वेळ उकळला तरी तो शिजेल, पण खरपूस होणार नाही. माझ्या भाचीच्या पिठल्यात मसाल्यांना त्यांचे द्रावकही मिळाले नव्हते आणि तापमानही मिळाले नव्हते. वरून घातलेले कच्चे तेल तोवर फार उशिरा आले होते.

आता फोडणीचा क्रम पाहू. मोहरी आधी पडते, कारण तिला सर्वांत जास्त उष्णता लागते. दाण्याच्या आतल्या ओलाव्याची वाफ होते, टरफल ती वाफ कोंडून धरते आणि दाब असह्य झाला की दाणा तडतडतो. तडतडणे म्हणजे तेल पुरेसे तापल्याची घरगुती खूणच आहे. यात आणखी एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. मोहरीचा झणझणीतपणा दाण्यात तयार स्थितीत नसतोच. सिनिग्रिन हे संयुग आणि मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) दाण्यात वेगवेगळे ठेवलेले असतात. दाणा फुटून पाणी लागले की ते एकत्र येतात आणि तिखट वाफ तयार होते. लोणच्यासाठी मोहरी पाण्यात फेसताना ती नाकात चढते ती यामुळे. तापलेल्या तेलात मात्र विकर क्षणात निकामी होते, म्हणून फोडणीतली मोहरी नाकाला न झोंबता खमंग लागते. एकाच दाण्याचे हे दोन स्वभाव आपल्या आज्यांना नेमके ठाऊक होते आणि त्यांनी दोन्हींचा उपयोग वेगवेगळ्या ठिकाणी केला, याचे मला फार कौतुक वाटते.

मोहरी तडतडली की जिरे घालावे. ते काही क्षणांत फुलते आणि तेवढ्याच लवकर करपतेही. मग हिंग. फेरुला या वनस्पतीच्या मुळातून निघणारा हा डिंक गंधकयुक्त संयुगांनी भरलेला असतो. कच्चा असताना त्याचा वास उग्र लागतो, पण तेलात तो निवळतो आणि कांदा-लसणीच्या जवळ जातो. भारतात तो शतकानुशतके इराण-अफगाणिस्तानकडून येत राहिला आणि त्याची लागवड करण्याचा शास्त्रीय प्रयत्न हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात २०२० साली सुरू झाला. लसूण ठेचून घालावा, कारण त्याचा वासही मोहरीसारखाच पेशी फुटल्यावर, ॲलिन हे संयुग आणि ॲलिनेज हे विकर एकत्र आल्यानंतर तयार होतो. अखंड पाकळी तळली तर ती गोडसर लागते, पण पदार्थाला तिचा वास पुरेसा लागत नाही. ठेचलेला लसूण कडेने बदामी दिसू लागला की पुढची पायरी गाठावी, कारण त्यात शर्करा भरपूर असल्याने बदामीचा काळा व्हायला वेळ लागत नाही.

हळदीशी सांगलीकराचे नाते वेगळे आहे, त्यामुळे इथे थोडे थांबते. सांगलीची बाजारपेठ देशातल्या हळदीच्या मोठ्या पेठांपैकी एक आहे आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. काढणीनंतर हळदीची कुडी, म्हणजे कंद, आधी शिजवतात, मग उन्हात वाळवतात. शिजवल्यामुळे आतला स्टार्च फुगून घट्ट होतो, पिवळा रंग कुडीत सारखा पसरतो आणि कंदाला कोंब फुटण्याची शक्यता संपते. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर परिसरात ही हळद जमिनीतल्या पेवांत साठवण्याची रीत होती. तोंड बंद केलेल्या पेवातला ऑक्सिजन हळूहळू संपतो, कर्ब वायू साठतो आणि किडीला तग धरता येत नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर माणसाने लगेच आत उतरायचे नसते. २००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरले आणि फार मोठे नुकसान झाले. हळदीच्या औषधी गुणांबद्दल आज जेवढे बोलले जाते त्याच्या दशांशानेही तिच्या स्वयंपाकातल्या कामाबद्दल बोलले जात नाही, याची मला खंत वाटते. तिचा रंग कुरक्युमिनमुळे येतो, तर वास मुख्यतः टर्मेरोन या वर्गातील तेलांमुळे, आणि ही दोन्ही पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. उकळत्या पाण्यात टाकलेली हळद तरंगत, कडेला चिकटत राहते आणि तिचा कच्चा वास जात नाही. गॅस मंद करून तेलात टाकलेली हळद दोन-तीन सेकंदांत सगळे तेल सोनेरी करते.

चटणी सर्वांत शेवटी, गॅस बंद करून किंवा कढई खाली उतरवून घालावी. वर्षाच्या चटणीत रंगासाठी ब्याडगी आणि तिखटासाठी संकेश्वरी किंवा जवारी मिरची असते. तिच्यात तळलेला कांदा, सुके खोबरे, लसूण, धणे आणि खडा मसाला पडतो आणि मग ती डंकावर कुटून आणली जाते. म्हणजे यातला बराचसा माल आधीच भाजलेला-तळलेला असतो. तिला पुन्हा शिजवायची गरज नसते, तिचा रंग आणि तिखटपणा तेलात उतरला म्हणजे पुरे. मिरचीचा लाल रंग गाजराच्या रंगाच्या कुळातला आणि तिखटपणा देणारे कॅप्सायसिनही तेलात विरघळणारे. रश्शावर लाल तवंग येतो तो त्यामुळेच. तापत्या तेलात चटणी पाच-सात सेकंद जास्त राहिली तर ती काळवंडते, खोकल्याची उबळ आणते आणि पदार्थ कडवट होतो.

आता पिठले. चार चमचे बेसन दोन वाट्या गार पाण्यात आधीच गुठळी न राहता कालवून घ्यावे. गरम पाण्यात कोरडे पीठ टाकले की गुठळीच्या बाहेरचा स्टार्च तत्काळ फुगून चिकट आवरण करतो आणि आत पाणी शिरत नाही. मग कितीही ढवळले तरी आतले पीठ कोरडेच राहते. दोन चमचे तेलात वरच्या क्रमाने फोडणी करावी, बारीक चिरलेला कांदा घालायचा असल्यास तो हळदीच्या आधी गुलाबी करावा. चटणी पडताच कालवलेले पीठ ओतावे, म्हणजे तेलाचे तापमान एकदम खाली येते आणि चटणी वाचते. मीठ घालून सतत ढवळत राहावे. मिश्रण तापले की अचानक दाटते, कारण स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात. इथे बरेच जण गॅस बंद करतात आणि तिथेच कच्चटपणा राहतो. दाटल्यानंतर झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटे वाफ द्यावी. पिठले गार होताना आणखी घट्ट होते, म्हणून कढईत ते हवे त्यापेक्षा किंचित पातळच ठेवावे.

सोबत ज्वारीची भाकरी असली तर तिच्या पिठालाही हाच स्टार्चचा नियम लागू आहे. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते, त्यामुळे पिठाला धरून ठेवणारे काही नसते. कडकडीत गरम पाण्याने स्टार्च थोडा फुगवून घेतला की तोच गोंदाचे काम करतो आणि भाकरी थापताना कडा फाटत नाहीत.

खर्डा करायला तर पाच मिनिटेही लागत नाहीत. हिरव्या मिरच्या आणि लसूण थोड्या तेलावर तव्यातच डाग पडेपर्यंत भाजावे, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि मीठ घालून तांब्याच्या बुडाने तव्यावरच रगडावे. कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकाला (संवेदना टिपणाऱ्या रेणूला, रिसेप्टरला) जाऊन चिकटते तो ग्राहक खरे तर साधारण ४३ अंशांपुढच्या उष्णतेची सूचना देण्यासाठी असतो. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. म्हणून खर्डा खाताना तोंड अक्षरशः भाजल्यासारखे वाटते आणि गरम भाकरीबरोबर तो आणखी तिखट लागतो. पाणी प्यायल्याने आग शमत नाही, कारण ते कॅप्सायसिनला विरघळवत नाही. दह्या-ताकातले केसिन हे प्रथिन मात्र त्याला धरून घेऊन जाते. खर्ड्याशेजारी दह्याची वाटी ठेवणाऱ्याला हे आपोआप कळलेले असते.

या साध्या जेवणाने मन शांत का होते, याचे उत्तरही पुष्कळसे नाकातच आहे. गंधाचे ग्राहक कसे काम करतात हे रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांनी उलगडले आणि त्याबद्दल त्यांना २००४ साली नोबेल मिळाले. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक काम करतात आणि त्यांच्या वेगवेगळ्या जुळणीतून अगणित वास ओळखले जातात. इतर इंद्रियांचे संदेश आधी मेंदूतील थॅलॅमस या केंद्रात जातात. वासाचा संदेश मात्र त्याला वळसा घालून भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांत थेट पोहोचतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आम्ही आठ दिवस मिरजेला नातेवाइकांकडे होतो. परत आल्यावर दोन दिवस घरात चिखलाचा आणि ओल्या लाकडाचा वास होता. तिसऱ्या दिवशी माझ्या आईने शेगडी पुसून वरणाला लसणीची फोडणी दिली आणि घरातले सगळे, कोणी न बोलावता, स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. त्या वेळी आम्हाला भूक फारशी नव्हती. तो वास ओळखीचा होता.

भाचीने पुढच्या आठवड्यात पुन्हा पिठले केले, ते जमले, आणि मग तिने वरणाबद्दल विचारले: वरणाला फोडणी शेवटी का? तूरडाळ कुकरमध्ये सुमारे १२० अंशांवर शिजते आणि तिथे उडून जाणारे सुगंधी रेणू शिटीबरोबर बाहेर पडतात. म्हणून डाळ आधी शिजवून, घोटून, मीठ-गूळ घालून उकळी आणावी आणि फोडणी छोट्या कढल्यात वेगळी करावी. ती वरणात ओतताच चर्र आवाज येतो तो पाण्याची एकदम वाफ झाल्याचा, आणि ही वाफ जाताना सगळा सुगंध सोबत नेते. त्यामुळे फोडणी ओतण्याआधीच दुसऱ्या हातात झाकण तयार ठेवावे, ओतल्याबरोबर ते लावावे आणि दोन मिनिटे उघडू नये. झाकणाला लागलेले थेंब परत वरणात पडू द्यावेत.